धर्माची व्याख्या आणि नुएरांची काकडी

प्रश्न असा आहे: ‘मी मानववंशशास्त्रात एम.ए. करतो आहे. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात धर्माची व्याख्या द्यायची आहे. टायलर, दुर्खीम, गिर्ट्झ वाचले, पण तिघांचं एकमेकांशी जमत नाही. दीडशे वर्षांच्या अभ्यासानंतरही एकमत का नाही? आणि मी नेमकी कोणती व्याख्या घेऊ?’

तिघांचं जमत नाही, कारण तिघं एका प्रश्नाचं उत्तर देतच नव्हते. माणसाला आत्म्यांची, देवांची कल्पना मुळात सुचली कशी, हा टायलरचा प्रश्न. समाज कशाने बांधून राहतो, हा दुर्खीमचा. दुःख आणि गोंधळ समोर उभे राहिले की माणूस त्यांचा अर्थ कसा लावतो, हा गिर्ट्झचा. आधी प्रश्न पडतो, व्याख्या त्याच्या मागून येते. म्हणून ‘बरोबर व्याख्या कोणती’ असं विचारलंत तर हाती काही लागणार नाही. ‘माझ्या प्रश्नाला कोणती कामाची, आणि ती घेतली तर काय माझ्या नजरेतून निसटेल’ असं विचारा. हे मी अनेक वर्षं वर्गात सांगते आहे आणि नुसतं सांगून ते पटत नाही, हा अनुभव आहे. म्हणून एकच समाज घेऊ आणि त्याच्याकडे एकेक व्याख्या घेऊन जाऊ. दक्षिण सुदानमधले नुएर.

नुएर हे नाईलच्या खोऱ्यातले गुरं पाळणारे लोक. 1860च्या दशकात सॅम्युएल बेकर हा इंग्रज शोधप्रवासी त्या भागातून परतला आणि लंडनच्या विद्वानांपुढे त्याने सांगितलं की दिन्का, शिलुक, नुएर वगैरे जमातींना परमेश्वर ठाऊक नाही, पूजा नाही, त्यांच्या मनाच्या अंधारात अंधश्रद्धेचा किरणसुद्धा पोचलेला नाही. लोक होते, गुरं होती. त्याच्या लेखी धर्म नव्हता. का नव्हता? त्याच्या मनात धर्म म्हणजे देऊळ, मूर्ती, एक परमेश्वर असं चित्र होतं आणि ते तिथे दिसलं नाही.

एडवर्ड टायलरने 1871 साली ‘प्रिमिटिव्ह कल्चर’मध्ये बेकरचं नाव घेऊन याचं खंडन केलं. त्याच प्रदेशात फिरलेल्या इतर प्रवाशांनी बळी आणि आत्म्यांविषयीच्या समजुती नोंदवून ठेवल्या होत्या. बेकरने त्या पाहिल्याच नाहीत, असं त्याने दाखवलं. मग धर्माची किमान व्याख्या पुढे ठेवली: अशरीरी, आत्मिक अस्तित्वांवरचा विश्वास. यालाच त्याने ॲनिमिझम म्हटलं, मराठीत त्याला जडप्राणवाद हा शब्द रूढ आहे. टायलरची ही व्याख्या विद्यार्थी फार लवकर मोडीत काढतात, म्हणून थोडं थांबते. तिच्यात एक उदारपणा आहे. तुमच्या धर्मासारखा दिसत नाही म्हणून दुसऱ्याला धर्मच नाही असं म्हणू नका, हे त्या काळात ठामपणे सांगणं सोपं नव्हतं. बाकी त्याचा सिद्धान्त आज टिकत नाही. रानटी ते सुसंस्कृत अशी शिडी त्याने गृहीत धरली. स्वप्नात मेलेली माणसं दिसतात, त्यावरून आदिमानवाने आत्म्याची कल्पना काढली असेल, असा तर्क घरात बसून केला. सगळा धर्म त्याने माणसाच्या डोक्यात, एखाद्या चुकलेल्या अनुमानासारखा ठेवला.

आता काकडीकडे येते. इ. ई. इव्हान्स-प्रिचर्ड हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ 1930च्या दशकात नुएरांमध्ये राहिले आणि 1956 साली ‘नुएर रिलिजन’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. बेकरने ज्यांना धर्मशून्य ठरवलं होतं त्यांच्या धर्मावर एक संपूर्ण ग्रंथ. त्यात एक छोटीशी गोष्ट येते. नुएरांचा मुख्य विधी म्हणजे बैलाचा बळी. बैलाच्या पाठीवर राख चोळायची, हातात भाला घेऊन ‘क्वोथ’ला आवाहन करायचं, मग भाला चालवायचा. क्वोथ म्हणजे आत्मतत्त्व, देव. त्या शब्दाच्या मुळाशी श्वास, फुंकर हा अर्थ आहे. पण प्रत्येक वेळी बैल परवडत नाही. बारीकसारीक प्रसंगी नुएर एक रानटी काकडी घेतात, तिच्यावर तेच विधी करतात, तिला बैल म्हणतात आणि भाल्याने चिरतात.

बघणारा पटकन म्हणेल, यांना काकडी आणि बैल यांतला फरक कळत नाही. इव्हान्स-प्रिचर्ड तिथेच थांबून पाहतात. नुएर काकडीला बैल म्हणतात. बैलाला काकडी कधीच म्हणत नाहीत. काकडी बैलासारखी दिसते असंही कुणी म्हणत नाही. विधीच्या बाहेर काकडी ही काकडीच. म्हणजे ‘काकडी बैल आहे’ यातलं ‘आहे’ एकाच दिशेने चालतं आणि एकाच प्रसंगात चालतं. ते खोटं नाही, बाजारातल्या मोजमापासारखं खरंही नाही. या एका ‘आहे’चा नीट हिशेब लागला तर धर्माच्या अभ्यासातलं बरंचसं कोडं उलगडतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

टायलरची व्याख्या या काकडीला लावा. क्वोथवर विश्वास आहे, म्हणजे धर्म आहे. बरोबर, पण पुढे काय? काकडीबद्दल ती काही बोलत नाही. फार तर ‘चुकीची समजूत’ अशी नोंद करेल.

दुर्खीमची लावून पाहू. त्याचं मोठं पुस्तक 1912चं. बौद्ध परंपरेत देव मध्यवर्ती नाहीत, तरी तिला धर्म म्हणावंच लागतं. मग आत्मा-देव हे धर्माचं लक्षण कसं, असा त्याचा टायलरला सवाल होता. त्याच्या मते धर्म म्हणजे पवित्र मानलेल्या, वेगळ्या काढलेल्या, निषेधांनी राखलेल्या गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार यांची सुसंगत व्यवस्था, जी मानणाऱ्या सगळ्यांना एका नैतिक समुदायात बांधते. मराठीत इथे हमखास एक घोळ होतो. त्याची जोडी ‘पवित्र आणि अपवित्र’ अशी भाषांतरित केली जाते. अपवित्र म्हणजे विटाळलेलं. दुर्खीमला तसं म्हणायचं नाही. त्याला म्हणायचंय रोजचं, साधं, लौकिक. विटाळाची बाधा तर त्याच्या पवित्राच्या बाजूलाच येते, कारण तिच्याभोवतीही निषेधांचं कुंपण असतं.

दुर्खीम घेतला की काकडीभोवती जमलेली माणसं दिसू लागतात. विधी कुणासाठी आहे, कोण हजर आहे, कोण कुणाच्या कुळाचा, हे प्रश्न सुचतात. टायलरला ते सुचलेच नव्हते. पण नुएरांच्या रोजच्या जगण्यात पवित्र इथे संपलं आणि लौकिक इथे सुरू झालं अशी रेघ ओढायला गेलात तर हात थबकतो. तोच बैल उद्याचं धन असतो, सोयरिकीत द्यायचा असतो, आणि त्याच्या पाठीवर राख चोळली की देवाशी बोलायचं माध्यमही होतो. ही पवित्र-लौकिक विभागणी प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात आपल्याला उपयोगी पडली नाही, असं इव्हान्स-प्रिचर्ड यांनीच पुढे लिहून ठेवलं. दुर्खीम स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही. तिथल्या अरुन्टा या आदिवासी लोकांविषयी स्पेन्सर आणि गिलन यांनी जमवलेल्या माहितीवर त्याने इमारत उभी केली. माहिती दुसऱ्याची असली की रेघा सरळ येतात.

धर्म समाजात काय काम करतो यावर बेतलेल्या अशा व्याख्यांची आणखी एक अडचण आहे. समाजाला बांधतं ते सगळं धर्म म्हटलं की राष्ट्रध्वज, फुटबॉलचा सामना, राजकीय पक्ष सगळेच आत येतात. काही अभ्यासांत ते हवंही असतं. पण मग ‘धर्म समाजाला बांधतो’ हे विधान शोध राहत नाही, व्याख्येचीच पुनरुक्ती होते.

1966 साली एकाच संपादित ग्रंथात दोन निबंध छापून आले. मेलफर्ड स्पिरो यांचा एक आणि क्लिफर्ड गिर्ट्झ यांचा दुसरा. स्पिरो यांनी टायलरला दुरुस्त करून परत आणलं: एखाद्या संस्कृतीने गृहीत धरलेल्या अतिमानवी अस्तित्वांशी, त्या संस्कृतीच्या रीतीने चाललेला व्यवहार ज्या संस्थेत होतो, तो धर्म. यात ‘व्यवहार’ हा शब्द मोलाचा आहे. नुसतं मानणं नाही. मागणं, देणं, राग धरणं, माफी मागणं, सगळं त्यात येतं. बौद्धांचा आक्षेप स्पिरोंना मान्य नव्हता. बुद्ध देव नसला तरी सामान्य माणसाच्या पातळीचाही नाही, आणि ज्या ब्रह्मदेशात त्यांनी काम केलं तिथे ‘नात’ नावाच्या आत्म्यांशी लोकांचा व्यवहार चालूच होता.

गिर्ट्झची व्याख्या तुम्ही वाचली आहे, म्हणून ती पूर्ण सांगत नाही. गाभा एवढाच की धर्म ही प्रतीकांची व्यवस्था आहे. ती जगाच्या एकूण मांडणीविषयी काही सांगते आणि ते इतकं खरं वाटायला लावते की माणसाच्या मनोवृत्ती आणि प्रेरणा त्यानुसार घडतात. त्या निबंधात जावामधला एक प्रसंग आहे. एका सुताराच्या घरात दोन-चार दिवसांत एक भलंमोठं, विचित्र आकाराचं अळंबं उगवलं. लांबून लोक बघायला आले आणि जो तो स्पष्टीकरण देऊ लागला. स्पष्टीकरणं एकमेकांशी जुळत नव्हती, त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. पण हे अळंबं समजावून सांगताच येत नाही, ही शक्यता मात्र कुणाला सोसवेना. गिर्ट्झची नजर किती बारीक होती ते इथे दिसतं. ही नजर काकडीवर नेली तर ते एकदिशी ‘आहे’ प्रतीक म्हणून समजतं, आणि गिर्ट्झमुळे आम्हा सगळ्यांना विधी वाचायला शिकवलं गेलं, हे ऋण मोठं आहे.

तरी त्या व्याख्येला सगळ्यात जोरदार धक्का बसला तो मानववंशशास्त्रज्ञ तलाल असद यांच्याकडून. 1983चा त्यांचा निबंध पुढे 1993च्या पुस्तकात आला. त्यांचा मुद्दा विद्यार्थी ‘व्याख्या करताच येत नाही’ एवढाच लक्षात ठेवतात, आणि मग तो पोकळ होतो. असद विचारतात: प्रतीकामुळे वृत्ती घडते म्हणता, पण घडवतं कोण? मध्ययुगीन ख्रिस्ती मठात साधूची नम्रता क्रूसाकडे बघून आपोआप येत नव्हती. नियम होते, वरिष्ठ होते, प्रायश्चित्त होतं, उपास होते, देहाला लावलेली शिस्त होती. सत्ता आणि शिस्त बाजूला सारून ‘अर्थ’ आणि ‘श्रद्धा’ यांना धर्माचा गाभा मानणं, ही नजर स्वतःच युरोपच्या एका विशिष्ट इतिहासातून आली आहे. धर्मसुधारणेनंतर तिथे धर्म हळूहळू माणसाच्या खासगी, आतल्या विश्वासाची बाब ठरत गेला. ती नजर सार्वत्रिक व्याख्या म्हणून जगभर नेली की तिथल्या लोकांचा धर्म कमी पडल्यासारखा दिसतो किंवा नको तिथे पसरल्यासारखा.

‘विश्वास’ या शब्दावर मी विद्यार्थ्यांशी सगळ्यात जास्त भांडते. टिपणवहीत हमखास वाक्य असतं: ‘या लोकांचा असा विश्वास आहे की…’ मी ते खोडते आणि समासात लिहिते, ‘हे कोण म्हणालं? कुणाला म्हणालं? की कुणीच म्हणालं नाही आणि त्यांच्या वागण्यावरून तुम्ही काढलंत?’ दहापैकी नऊ वेळा कुणीच तसं म्हणालेलं नसतं. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी नोंदवलं आहे की ‘मी विश्वास ठेवतो’ याला नुएर भाषेत बरोबरीचा शब्द नाही. रॉडनी नीडहॅम यांनी 1972 साली याच धाग्यावरून अख्खं पुस्तक लिहिलं आणि विचारलं की विश्वास ही सगळ्या माणसांत आढळणारी मनाची अवस्था आहे असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो? फ्रेंच अभ्यासक झाँ पुईयाँ यांनी ते आणखी नेमकं पकडलं: माणूस देवावर ‘विश्वास ठेवतो’ असा विश्वास असतो तो बाहेरच्या, न मानणाऱ्या माणसाचा. ज्याच्यासाठी देव घरातल्या वडीलधाऱ्यासारखा हजर आहे, त्याला तो शब्द लागतच नाही.

भाषांतराची चूक सिद्धान्तात कशी मुरते याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ‘मना’चं. 1891 साली कॉड्रिंग्टन या मिशनऱ्याने मेलनेशियातल्या, म्हणजे प्रशांत महासागरातल्या एका बेटसमूहातल्या, या शब्दाचं वर्णन एका अदृश्य शक्तीसारखं केलं, आणि मानववंशशास्त्रज्ञ मॅरेटपासून पुढे अनेकांनी त्यावर ‘धर्माचं मूळ म्हणजे अव्यक्त शक्तीची जाणीव’ असे सिद्धान्त रचले. 1984 साली रॉजर कीसिंग यांनी त्या भाषा तपासून दाखवलं की तो शब्द तिथे मुख्यतः क्रियापदासारखा चालतो. काम फळाला येणं, लागू पडणं असा त्याचा अर्थ. वस्तूत भरलेली वीज असावी तशी ‘मना’ बऱ्याच अंशी अभ्यासकांनीच घडवली होती. क्रियापदाचं नाम झालं आणि नामासाठी एक पदार्थ शोधावा लागला.

आपल्याला तर हा धोका दुहेरी आहे. इंग्रजी रिलिजन या शब्दाला आपण धर्म हा प्रतिशब्द मुकाट्याने वापरतो. पण मराठीत पाण्याचाही धर्म असतो, पदार्थाचे गुणधर्म असतात, शेजारधर्म असतो, दानधर्म असतो. यातल्या कशालाही रिलिजन म्हणता येणार नाही. प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्याच पानावर सांगून टाका की इथे धर्म हा शब्द कोणत्या अर्थाने येतो आहे. नाहीतर तुमच्या वाक्यात दोन वेगळ्या शब्दांचे अर्थ एकाच ध्वनीखाली चालत राहतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

हा सगळा वर्गातला वाद आहे असं वाटत असेल तर एक खटला वाचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात सरकारी जंगलातून रस्ता न्यायचा होता; त्याचा सहा मैलांचा तुकडा युरोक, कारुक आणि तोलोवा या लोकांच्या पवित्र उंच डोंगराळ भागातून जाणार होता. वनविभागानेच नेमलेल्या अभ्यासाचा 1979चा अहवाल सांगत होता की हा सगळा परिसर त्यांच्या धर्मकल्पनेचा आणि आचाराचा अविभाज्य भाग आहे, रस्ता करू नये. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. रस्त्यामुळे त्यांचा आचार जवळजवळ अशक्य झाला असं धरलं तरी सरकार त्यांना श्रद्धेविरुद्ध वागायची सक्ती करत नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. श्रद्धा मनात असते, तिला हात लावला नाही, मग धर्माला कुठे हात लागला? विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेनन यांनी अहवालातलंच म्हणणं पुढे ठेवलं: या लोकांचा धर्म जमिनीपासून सुटा करता येत नाही. मी हा निकाल दरवर्षी वाचायला देते. असद यांचा मुद्दा ज्यांना अवघड वाटतो, त्यांना तो इथे एका दिवसात कळतो.

इंडोनेशियात उलट बाजूने तेच. तिथे ‘आगामा’, म्हणजे धर्म, हा सरकारी प्रवर्ग आहे. 1965च्या अध्यक्षीय आदेशात सहा धर्मांची नावं होती: इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्यूशियन. स्थानिक परंपरा पाळणाऱ्यांना ‘केपर्चायाआन’, म्हणजे श्रद्धा, अशा खालच्या खान्यात टाकलं गेलं. त्यांच्या ओळखपत्रावर धर्माचा रकाना कोरा राहायचा किंवा दुसऱ्याच धर्माचं नाव घालावं लागायचं. त्यांना आपली ओळख तिथे नोंदवता यावी, असा निकाल घटनात्मक न्यायालयाने दिला तो 2017 साली. व्याख्या इथे कार्डावरचा रकाना झाली आहे.

मग तुम्ही काय करायचं? अनेक लक्षणांचा पुंजका घेऊन चालणं हा एक चांगला मार्ग आहे. तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनच्या कुलसाम्याच्या (एका कुटुंबातल्या माणसांसारखं अंशतः जुळणारं साम्य) कल्पनेवरून मार्टिन साउथवोल्ड यांनी 1978 साली श्रीलंकेतल्या बौद्धांचा अभ्यास करताना तो मांडला, बेन्सन सेलर यांनी 1993 साली विस्ताराने. अतिमानवी अस्तित्वं, विधी, पवित्र-लौकिक भेद, कथा, नीतिनियम, समुदाय अशी लक्षणं घ्यायची. कोणतंही एक अनिवार्य नाही, पुरेशी एकत्र आली की पुरे. त्याचा तोटा असा की यादीतली लक्षणं बहुधा आपल्या ओळखीच्या धर्मांवरूनच घेतलेली असतात. सेलर हे लपवत नाहीत, उघड मान्य करतात. मला तो प्रामाणिकपणा आवडतो.

तुमच्या प्रबंधासाठी माझा सल्ला: व्याख्येचं प्रकरण शेवटी लिहा, भले ते पहिलं छापलं जावो. क्षेत्रात जाताना स्पिरोंमधला ‘व्यवहार’ हा शब्द बरोबर न्या, कारण तो तुम्हाला लोकांच्या हाताकडे आणि तोंडाकडे बघायला लावतो. असद यांचा प्रश्न न्या: हे वागणं शिकवलं कुणी, चुकलं तर काय होतं, कोण टोकतं. टान्या लुरमन यांनी अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांवर 2012 साली जे पुस्तक लिहिलं, त्यात देवाचा आवाज ऐकायला माणसं सरावाने कशी शिकतात हे दाखवलं आहे. तो सराव बघायला त्यांना व्याख्या लागली नाही. महिनोन्‌महिने प्रार्थनेत सोबत बसावं लागलं. देव खरा आहे का, हा प्रश्न आपल्या शास्त्राच्या कक्षेतला नाही. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी नुएरांवरचं पुस्तक याच हद्दीवर आणून थांबवलं: इथून पुढचं काम धर्मशास्त्र्याचं. ते 1944 साली कॅथलिक झाले होते, त्यांची स्वतःची श्रद्धा पक्की होती, तरी त्यांनी हद्द पाळली.

पहिले काही आठवडे ‘तुमचा धर्म कोणता, तुमचा कशावर विश्वास आहे’ असं कुणालाही विचारू नका. विचारलंत की समोरचा माणूस तुम्हाला सरकारी रकान्यातलं उत्तर देईल. त्याऐवजी काय करण्याआधी ते थांबतात, कशाला हात लावत नाहीत, कोणतं वाक्य एका प्रसंगी म्हणतात आणि दुसऱ्या प्रसंगी म्हणत नाहीत, ते लिहून घ्या. त्यांच्या काकडीला ते काय म्हणतात ते त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शब्दात उतरवा, आणि तिचं भाषांतर करायची घाई करू नका.